अयूबभाऊंचं एकच क्रियापद

वरोऱ्यातल्या बहुतेकांनी अयूबभाऊंचं अक्षर रोज वाचलेलं असतं, आणि ते त्यांचं आहे हे कुणालाच माहीत नसतं. समाजमंदिरांच्या कोनशिला, बाकांवरची देणगीदारांची नावं, बंगल्यांच्या फाटकावरचं 'मातोश्री', कब्रस्तानातल्या कबरींवरचे कतबे, हे सगळं तीस वर्षांपासून ते हाताने कोरत आले आहेत. नागपूर रोडवर त्यांचं टिनाचं शेड आहे. त्याला लागून माझं झेरॉक्सचं दुकान. मधली भिंत वरून फूटभर उघडी आहे. त्यामुळे त्यांच्या छन्नीचा आवाज आणि गिऱ्हाइकांचं बोलणं माझ्याकडे येतं, आणि माझ्या मशीनची गरम हवा त्यांच्याकडे जाते. या देवाणघेवाणीबद्दल आम्ही दोघांनी कधी तक्रार केलेली नाही.

त्यांचे वडील गावोगाव फिरून पाट्या-वरवंट्यांना टाकी लावायचे. घरोघरी मिक्सर आले तेव्हा अयूबभाऊ अक्षरांकडे वळले. शिक्षण सातवी. मराठी आणि उर्दू वाचता येतं. इंग्रजी वाचता येत नाही, कोरता येतं.

"वाचता येत नाई थेच बरं आहे," ते म्हणायचे. "वाचता आलं का माणूस दुरुस्त्या कराले पाह्यते."

त्यांचा नियम होता, लिहून द्या, तसं कोरतो. अर्थ विचारायचा नाही. एकदा एका मंडळाने 'उद्घाटन'च्या जागी 'उद्धाटन' लिहून दिलं. चूक अयूबभाऊंच्या लक्षात आली होती. त्यांनी तसंच कोरलं, आणि तो कागद बिस्किटाच्या डब्यात ठेवला. प्रत्येक कामाचा कागद ते त्या डब्यात ठेवत. मंडळाचे लोक भांडायला आले तेव्हा त्यांनी कागद काढून दाखवला आणि चहा पाजला. तीस वर्षांत असे बरेच कागद दाखवून झाले होते. दगडावर त्यांची स्वतःची चूक एकही नव्हती. हे ते कुणाला सांगत नसत, पण नसीमभाबींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, आठवड्यातून एकदा सांगत.

दोन हजार एकोणीसच्या पोळ्यानंतर मुखरू सर त्यांच्याकडे आले.

मुखरू सरांनी अर्ध्या वरोऱ्याला इंग्रजी शिकवलं. मलाही शिकवलं, मला सदतीस मार्क पडले, त्यात त्यांचा दोष नाही. सर ख्रिस्ती. वडील नागपूरला मिशनच्या स्वयंपाकघरात होते. मुलगा हुशार निघाला म्हणून फादर लोकांनी त्याला पाद्री व्हायला सेमिनरीत घातलं. तिथे सर पाच वर्षं लॅटिन शिकले. मग फुटबॉल खेळताना पाय मोडला. पट्टी बांधायला कांता नावाची शिकाऊ नर्स होती. पाय सहा आठवड्यांत बरा झाला आणि सरांनी पाद्री व्हायचं रद्द केलं. फादर लोक रागावले नाहीत. झगा तेवढा धुऊन परत करायला सांगितला, तो सरांनी धुऊन, इस्त्री करून परत केला.

कांताबाई चिमूरच्या. चौतीस वर्षं त्यांनी त्याच भागात नोकरी केली, जंगलाच्या कडेकडेच्या गावांत. बाळंतपणं करायची, ती कुणाच्या सोयीने येत नाहीत. निवृत्त झाल्या आणि अकरा महिन्यांनी हृदयाच्या झटक्याने गेल्या. त्यांच्या कबरीवरच्या दगडासाठी सर आले होते.

सरांनी खिशातून चौघडी केलेला कागद काढला. वर कांताबाईंचं नाव, मग जन्म-मृत्यूच्या तारखा, आणि अगदी खाली इंग्रजी अक्षरांतली एक ओळ. मधे बरीच जागा सोडायला सांगितली.

"ही जागा कायची, सर?"

"माझी."

अयूबभाऊंनी मान हलवली. नवरा-बायकोच्या दगडात अशी जागा सोडतातच. त्यांनी काळा कडप्पा निवडला आणि नऊ दिवसांत काम पुरं केलं.

सर ऑटो घेऊन दगड न्यायला आले. चष्मा पुसून त्यांनी दगड वरपासून वाचला. शेवटच्या ओळीवर थांबले. भिंतीपलीकडे मला वाटलं, रडत असतील.

"अयूबभाऊ," सर म्हणाले, "एक अक्षर चुकलं."

अयूबभाऊ उठले आणि त्यांनी डबा आणला. कागद काढून उलगडला. त्या लॅटिन ओळीतला पहिला शब्द लांबलचक होता, रेक्विएस्कात. त्यातलं शेवटून दुसरं अक्षर, इंग्रजी 'ए', नेमकं घडीवर आलं होतं. सर तो कागद चार दिवस खिशात घेऊन हिंडले होते. घडीवरची शाई झिजली होती आणि 'ए'चा एकच पाय उरला होता. अयूबभाऊंनी त्याला 'आय' समजून 'आय' कोरला होता.

त्यांनी कागद उजेडात धरला. झिजलेला दुसरा पाय बारीक पाहिलं की दिसत होता.

"दिसते," ते म्हणाले. "मी पाह्यलं नाई. चूक माही आहे."

तीस वर्षांत हे वाक्य त्या शेडमध्ये पहिल्यांदा बोललं गेलं. मी झेरॉक्स थांबवली.

"काय फरक पडते एवढ्यानं?" अयूबभाऊंनी विचारलं. हाही पहिलाच प्रसंग होता. अर्थ विचारला होता.

सर बाकावर बसले. "तुम्ही कोरलं त्याचा अर्थ होते, शांतीत विसावते."

"मंग? विसावते नाई का बाई?"

"थे आपल्याले कसं माहीत? आपण पाह्यलं का? मले लिहायचं होतं, शांतीत विसावो."

अयूबभाऊ विचारात पडले. "म्हणजे एक खबर आहे अन् एक दुवा आहे."

"बरोबर."

"अन् मी दुव्याची खबर करून टाकली."

"एका अक्षरानं," सर म्हणाले. "पण राहू द्या. वाचणार कोण आहे वरोऱ्यात? चालून जाईल."

सर खरंच तसाच दगड न्यायला तयार होते. अयूबभाऊंनी ऑटोवाल्याला परत पाठवलं.

कोरलेलं अक्षर पुसायचे दोन मार्ग असतात. एक, खाच दगडाच्या भुकटीने आणि चिकटद्रव्याने भरायची. ते पाच-सहा पावसाळे टिकतं, मग भरलेलं वेगळं दिसू लागतं. दुसरा मार्ग म्हणजे दगडाचं अख्खं तोंड अक्षरांच्या खोलीपेक्षा जास्त घासून खाली न्यायचं आणि पहिल्यापासून कोरायचं. दुसरा मार्ग कुणी घेत नाही, नवा दगड घेतात. अयूबभाऊंनी दुसरा घेतला. का, ते मी नंतर विचारलं.

"नवीन दगड घेतला असता त चूक जुन्या दगडावर राह्यली असती," ते म्हणाले. "मले थे घासूनच काढाची होती."

अकरा दिवस ते पाणी टाकून टाकून दगड घासत होते. सर रोज पाचच्या सुमारास यायचे, बाकावर बसायचे. दोघांनाही बोलायची फार सवय नव्हती. तिसऱ्या दिवशी अयूबभाऊंनीच विषय काढला.

"सर, थो शब्द पूर्ण सांगा. एक अक्षर हलवलं तर दुवा होते, मंग बाकीचे हलवले तर काय काय होते, थे समजून राहू द्या. परत चूक नको व्हाले."

मुखरू सर निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती. सात वर्षांत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. ते उठले, एक टाकाऊ कडप्पा भिंतीला टेकवला आणि माझ्याकडून खडू मागून नेला.

पहिल्या दिवशी त्यांनी सहा रूपं लिहिली, देवनागरीत. रेक्विएस्को, मी विसावतो. रेक्विएशिस, तू विसावतोस. रेक्विएशित, तो विसावतो. मग आम्ही, तुम्ही, ते.

"'क'चा 'श' काऊन झाला मधेच?"

"पुढचा स्वर बदलला म्हणून. चर्चमध्ये तसं म्हणतात."

"आन् बाई असंल तर? विसावते?"

"तेच. रेक्विएशित. लॅटिन क्रियापदाले बाई-माणूस समजत नाई."

"मंग लोकाइले कसं समजे?"

"नावावरून."

अयूबभाऊंना हे पटलं. "बरं आहे. कोराचं एक अक्षर वाचते."

पुढच्या दिवशी दुव्याची रूपं आली. सरांनी त्यांना विध्यर्थ म्हटलं, पण अयूबभाऊ शेवटपर्यंत दुवाच म्हणत राहिले. रेक्विएस्काम, मी विसावो. रेक्विएस्कास. रेक्विएस्कात. प्रत्येकात मधे 'आ'. अयूबभाऊंनी खबरीचा रकाना आणि दुव्याचा रकाना शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाले, "म्हणजे मागाचं असलं का तोंड उघडा लागते."

सरांनी हे कुठल्याही व्याकरणात वाचलेलं नव्हतं. त्यांनी ते खिशातल्या डायरीत लिहून घेतलं.

दगड घासून झाला, नव्याने कोरला गेला, कांताबाईंच्या कबरीवर उभा राहिला. सरांचं येणं थांबलं नाही. मंगळवार आणि शनिवार असे दिवस आपोआप ठरले. क्रियापद तेच. दुसरं शिकवायला सर तयार होते, 'प्रेम करणे' हे सोपं आहे म्हणाले, सगळे त्यापासूनच सुरू करतात. अयूबभाऊंनी नको म्हटलं. "आधी हे संपू द्या."

ते लवकर संपत नव्हतं. काळ निघाले, मग काळातले काळ निघाले. मग सर एक जाडजूड शब्दकोश घेऊन येऊ लागले आणि क्रियापदाचं घराणं सुरू झालं. शब्दकोशाची पानं मीच झेरॉक्स करून द्यायचो, त्यामुळे मलाही थोडं कळू लागलं.

"क्विएस म्हणजे विसावा," सर सांगत. "त्याले 'स्को' लागलं का होते विसावू लागणे. सुरुवात व्हायची खूण आहे थे. अन् आधी 'रे' लावला, म्हणजे पुन्हा."

"म्हणजे सरळ अर्थ, पुन्हा विसावू लागो."

"हो."

"पुन्हा म्हणजे?" अयूबभाऊंनी छन्नी खाली ठेवली. "बाई आधी कधी विसावल्या होत्या का?"

सर खडू हातात धरून उभे राहिले. चौतीस वर्षांचा हिशोब डोक्यात चालला असावा. चिमूरच्या बाजूचे कच्चे रस्ते, बैलबंडीतून, जीपमधून, मोटरसायकलच्या मागे बसून जाणं.

"नाई," ते म्हणाले. "आधी नाई."

त्या दिवशी ते लवकर गेले. शनिवारी मात्र वेळेवर आले, आणि सांगितलं की 'रे'चा अर्थ काही ठिकाणी 'पुन्हा' होत नाही, नुसता जोर असतो. आपण इथे जोर धरू. अयूबभाऊंनी जोर धरला.

एका शनिवारी सरांनी कोशात आणखी एक गोष्ट दाखवली. फारसीतला 'शाद', म्हणजे आनंदी, त्याच मुळाचा. फार जुनं नातं, पण एकच मूळ. 'शादी' त्या 'शाद'मधून आली. म्हणजे शादी आणि हा विसावा सख्खे नाही तरी चुलत.

अयूबभाऊंनी घरी जाऊन ही माहिती नसीमभाबींना दिली. भाबी कांदे चिरत होत्या.

"शादीत अन् आरामात नातं?" त्या म्हणाल्या. "कोनं लिव्हलं हे? माणसानंच लिव्हलं असंल."

हे अयूबभाऊंनी मंगळवारी सरांना जसंच्या तसं सांगितलं. सरांनी कोशाचं पहिलं पान उघडून पाहिलं. दोन संपादक होते, दोन्ही माणसं. भाबींचा मुद्दा मान्य करण्यात आला.

'क्विट इंडिया'तलं 'क्विट'सुद्धा त्याच घरचं निघालं, फ्रान्सवरून फिरून आलेलं. निवांत केलेला, मोकळा केलेला, असा अर्थ बदलत बदलत 'सोडा' झाला. कांताबाईंचे आजोबा बेचाळीसच्या चिमूरच्या धामधुमीत पकडले गेले होते, म्हणून सरांना याचं विशेष.

"म्हणजे चिमूरच्या लोकाइनं इंग्रजाले आराम करा म्हटलं," अयूबभाऊ म्हणाले.

"मुळात पाह्यलं तर."

"त्यानं आयकाले पाच वर्षं लावले."

लॉकडाऊनमध्ये सहा महिने धडे बंद होते. नंतर सर आले ते काठी घेऊन. वजन उतरलं होतं. त्या काळात त्यांनी भूतकाळ शिकवला. रेक्विएवी, मी विसावलो. अयूबभाऊंनी पाहिलं, 'स्को' गायब होतं.

"लागणं कुठी गेलं?"

"काम पूर्ण झालं ना. मंग लागणं गळून जाते."

मग एका मंगळवारी सरांनी स्वतःच्या दगडाचा विषय काढला. त्यांना काही दिवसांपासून एक गोष्ट टोचत होती.

"अयूबभाऊ, मधली जागा माझ्या नावाले सोडली आपण. पण खालच्या ओळीचं काय? आता लिहिलं आहे, विसावो. मी गेलो का दोघं होऊ."

अयूबभाऊंच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी कडप्प्यावरच्या रकान्यावर बोट ठेवलं. "रेक्विएस्कान्त. विसावोत."

"एक 'एन' वाढते."

"ए अन् टीच्या मधात." अयूबभाऊंनी डोळे मिटून तो दगड आठवला. "जागा नाई, सर. केस जाईल एवढी जागा नाई. आन् परत घासता येत नाई, दगड बारीक झाला आहे. तडकंल."

"मंग मी मरतच नाई."

"नका मरू. सोपं पडंल."

दोघं यावर हसले नाहीत. विषय तिथेच राहिला. दोन हजार बावीसच्या ऑगस्टमध्ये, तीन दिवस पावसाची झड लागलेली असताना, सर वरोऱ्यातच दवाखान्यात वारले.

सरांची मुलगी दिव्यानी पुण्याहून आली. ती तिथे कंपनीत आहे. मातीनंतर आठ-दहा दिवसांनी ती अयूबभाऊंकडे आली. थकलेली होती, पण सगळी कामं यादी करून उरकत होती. यादीत दगड होता.

"काका, सोपं करू या," ती म्हणाली. "नागपूरला मशीनवर ग्रॅनाइटची पाटी दोन दिवसांत मिळते. आईबाबा दोघांची नावं एकत्र, खाली आर आय पी. तुम्हाला त्रास नको."

"आर आय पी," अयूबभाऊ म्हणाले. "चालते. त्यात एकबी बसते, दोनबी बसते. बदलाचं काम नाई."

"मग झालं तर."

"पन बाई, त्यात क्रियापद कुठी आहे? थे त नुसतं पहिलं अक्षर आहे. दुवा करताना असं आखूड करतात का?"

दिव्यानीला काही कळलं नाही. अयूबभाऊंनी तिला बाकावर बसवलं आणि कडप्प्यावरचे रकाने दाखवले. खडू पुसट झाला होता तरी वाचता येत होता. त्यांनी खबर आणि दुवा समजावला. एक आणि अनेक समजावलं. 'स्को' समजावलं. लांब बाहीने घाम पुसत, छन्नी काठीसारखी धरून, सातवी पास माणूस पुण्याच्या इंजिनिअरला लॅटिन शिकवत होता. तिने मधे प्रश्न विचारले. उत्तरं बरोबर होती. मी झेरॉक्सवरून ताडून पाहिली.

मग तिने हातातली यादी मिटली.

"बाबांनी मला यातला एक शब्द नाही शिकवला," ती म्हणाली. "मला तर माहीतही नव्हतं त्यांना एवढं येतं. कधी बोललेच नाहीत."

अयूबभाऊ जरा अवघडले. "तुमी कधी चुकल्या नसान. मी चुकलो, म्हणून शिकवलं."

ती रडली. अयूबभाऊंनी माझ्याकडून पाण्याची बाटली मागून घेतली आणि तिच्याजवळ ठेवून दगडाकडे तोंड करून उभे राहिले.

नागपूरची पाटी रद्द झाली. पण 'एन'ची जागा होत नव्हती. अयूबभाऊ दफनभूमीत जाऊन दगड मोजून आले. दोनदा गेले. एरवी ते एकदाच मोजतात.

तोड निघाली ती भलत्याच कामातून. सावली गावच्या एका धान व्यापाऱ्याने घरासाठी पाटी सांगितली होती, 'आनंद निवास'. अयूबभाऊ 'न'च्या डोक्यावर अनुस्वार कोरत होते. टिंब अर्धं झालं आणि छन्नी थांबली. पाच मिनिटं आवाज आला नाही म्हणून मी भिंतीवरून डोकावलो.

"याच्यातला दुसरा न कुठी बसला?" त्यांनी मला विचारलं.

"कुठे?"

"डोक्यावर. आपल्याकडे जागा नसली का न डोक्यावर बसते." त्यांनी लगेच दिव्यानीला फोन लावला. "बाई, ए-च्या डोक्यावर टिंब देऊ. एन होते."

फोन स्पीकरवर होता. "काका, लॅटिनमध्ये अनुस्वार नसतो."

"मराठीत असते ना. सर मराठी होते."

दिव्यानीने तरी इथल्या चर्चच्या फादरांना विचारलं. फादर तरुण आहेत, केरळचे. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की लॅटिन त्यांना प्रार्थनेपुरतंच येतं. पण नागपूरला एक वयस्क निवृत्त फादर आहेत, त्यांना दगडाचा फोटो पाठवतो. चार दिवसांनी त्या वयस्क फादरांचं उत्तर आलं. जुन्या काळी हाताने पोथ्या लिहिणारे लोक ओळीत जागा नसली की 'एन' गाळत आणि आधीच्या अक्षरावर खूण करत. कल्पना अगदी बरोबर आहे. फक्त टिंब नको, आडवी रेघ द्यावी. शेवटी त्यांनी विचारलं होतं, तुमच्याकडचा कारागीर कोणत्या सेमिनरीत होता?

अयूबभाऊंना उत्तर वाचून दाखवलं. शेवटचा प्रश्न त्यांनी सोडून दिला.

"म्हणजे त्याइचीबी हेच अडचण होती," ते म्हणाले. "जागा."

सप्टेंबरच्या एका सकाळी ते दफनभूमीत गेले. मी दुकान बंद ठेवून बरोबर गेलो, छत्री धरायला. सरांचं नाव आणि तारखा कोरायला त्यांना तीन दिवस लागले होते, ते काम झालं होतं. आता फक्त रेघ राहिली होती. बोटाच्या पेराएवढी. पण दगड आधीच घासून पातळ केलेला, मागे आधार नाही, आणि रेघ पडणार ती काठाजवळच्या ओळीवर. घाव जास्त बसला तर खालचा कोपराच सुटला असता.

त्यांनी गोणपाटात वाळू भरून दगडामागे टेकू दिला. सर्वांत बारीक छन्नी घेतली. बसले. उठले. पुन्हा बसले. ओठ हलत होते. मला वाटलं, बिस्मिल्ला म्हणत असतील. म्हणाले असतीलही, पण मी वाकलो तेव्हा ऐकू आलं ते असं होतं: "रेक्विएस्कामुस, रेक्विएस्कातिस, रेक्विएस्कान्त."

मग सात-आठ हलके घाव पडले. रेघ झाली. त्यांनी फुंकर मारली, ओला फडका फिरवला आणि म्हणाले, "झाले दोघं."

दिव्यानीने त्यांना तो शब्दकोश देऊ केला. त्यांनी घेतला नाही. इंग्रजी येत नाही, म्हणाले, अन् मले एकच क्रियापद लागते, थे माह्यापाशी आहे. मग कोश तिनेच पुण्याला नेला. आता महिन्यातून एखाद्या रविवारी तिचा फोन येतो. ती दुसऱ्या क्रियापदांवर गेली आहे आणि अडली की अयूबभाऊंना विचारते. त्यांना ती क्रियापदं येत नाहीत. तरी ते विचारतात, "आपल्यावाल्यात कसं होते? मंग तसंच लावून पाहा." बऱ्याचदा लागतं, असं ती सांगते.

ख्रिस्ती लोकांचा नोव्हेंबरमध्ये मृतांचा दिवस असतो. दोन तारखेला सगळे कबरी धुतात, फुलं आणि मेणबत्त्या लावतात. दिव्यानीने अयूबभाऊ आणि नसीमभाबींना आवर्जून बोलावलं. मीही गेलो. नागपूरहून सरांचे चुलतभाऊ आणि त्यांची माणसं आली होती. दुपारी चारचं ऊन होतं. फादरांनी प्रार्थना म्हटली. मग दिव्यानीने दगडावरची ओळ मोठ्याने वाचली. 'एन' तिने नीट नाकातून म्हटला. अयूबभाऊंनी हळूच मान डोलावली.

सरांच्या एका चुलतभावाने अयूबभाऊंकडे पाहून तिला विचारलं, "हे कोण?"

"बाबांचे विद्यार्थी," दिव्यानी म्हणाली.

नसीमभाबींनी पदर सावरला आणि नवऱ्याकडे पाहिलं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, तो खाली बसला. कुणीतरी मेणबत्ती दगडाच्या अंगावरच चिकटवली होती आणि मेण ओघळून तारखांपर्यंत आलं होतं. अयूबभाऊंनी मेणबत्ती उचलून जमिनीत रोवली आणि अंगठ्याच्या नखाने मेण खरवडायला सुरुवात केली.

"गरम पाणी घालू का, काका?" दिव्यानीने विचारलं.

"नको, नको. गरम पाण्यानं मेन दगडात उतरते," ते म्हणाले. "थंडं होऊ द्या. मंग आपसूक निघते."